केसांत लपलेली हवा

ओला कुत्रा अंग झाडायला लागला की आपण सगळे ओरडत पळतो. मुलांनो, पुढच्या वेळी पळू नका. चार पावलं लांब उभे राहा आणि नीट बघा. आधी डोकं हलतं. मग मान, मग छाती, मग पोट, आणि सगळ्यांत शेवटी शेपूट. जणू डोक्यापासून निघालेली एक लाट शेपटीच्या टोकापर्यंत धावत जाते. दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं आणि तुमचा मोत्या निम्मा वाळलेला असतो.

ही झाडाझाड नेमकी कशी होते, हे बघण्यासाठी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉर्जिया टेक या संस्थेतले डेव्हिड हू आणि त्यांचे विद्यार्थी हाय-स्पीड कॅमेरा घेऊन बसले. उंदरापासून अस्वलापर्यंत १६ जातींच्या ३३ प्राण्यांवर त्यांनी पाणी शिंपडलं आणि चित्रण केलं. २०१२ साली त्यांचं काम छापून आलं. त्यातली गंमत ऐका. उंदीर एका सेकंदात साधारण ३० वेळा अंग हलवतो, कुत्रा चार-पाच वेळा, आणि अस्वल जेमतेम चार वेळा. लहान प्राण्याची इतकी घाई कशाला? कारण त्याच्या अंगाचा घेरच लहान. लहान घेरावरून थेंब दूर फेकायचा तर फार भरभर हलावं लागतं. शिवाय या प्राण्यांची कातडी सैल असते. आतली हाडं थोडीशी वळतात, पण वरची कातडी झोका घेत कितीतरी पुढे जाते आणि थेंब सुटून उडतात. केसांतलं जवळजवळ ७० टक्के पाणी असं काही क्षणांत निघून जातं.

आणि हे सगळं कुत्र्याने केलंच नाही तर? त्याच शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. २७ किलो वजनाचा कुत्रा आहे आणि त्याच्या केसांत अर्धा किलो पाणी अडकलंय. ते पाणी नुसतं अंगाच्या उबेने वाळवायचं, तर दिवसभरात खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा भाग त्यातच संपेल! म्हणजे पाच भाकऱ्या खाल्ल्या तर त्यातली एक अख्खी भाकरी फक्त अंग वाळवण्यासाठी.

पाण्याचा एवढा धसका का? कारण जनावराला ऊब केस देत नाहीत, केसांमध्ये अडकलेली हवा देते. आजीची गोधडी आठवा. जुन्या साड्यांच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते, ती उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून गोधडीत ऊब. थंडी वाजली की कुत्र्याच्या, मांजराच्या, वासराच्या कातडीतले इवलेसे स्नायू एकेक केस उभा करतात, थर जाड होतो, जास्त हवा कोंडली जाते. आपल्या अंगावर काटा येतो तोही याच स्नायूंमुळे. आपले केस आता इतके बारीक उरलेत, की त्याचा उपयोग मात्र होत नाही.

आता या थरात पाणी शिरलं की काय होईल? हवा बाहेर, पाणी आत. आणि पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट सहज उष्णता वाहून नेतं. त्यात वारा सुटला की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती अंगातली आणखी उष्णता घेऊन जाते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी या लेखात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जनावर आधी कोरडं करा, मग वाऱ्यापासून आडोसा द्या, आणि पांघरुणाचा विचार त्यानंतर.

तुम्ही म्हणाल, आम्ही परभणीचे, आमच्याकडे थंडीत पाऊस कुठे पडतो? आमच्याकडे थंडी म्हणजे कोरडी, हाडांत शिरणारी. अगदी खरं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली गेला, याची बातमी दरवर्षी राज्यभर वाचली जाते. काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेल्या काळ्या रानातली उष्णता रात्री थेट आकाशात निघून जाते, तिला अडवायला ढगच नसतात.

पण समुद्र लांब असला तरी तो आपल्याला विसरत नाही. परभणीपासून सरळ रेषेत मोजलं तर कोकणाचा किनारा साधारण ४०० किलोमीटर, आणि पूर्वेकडचा आंध्राचा किनारा साडेपाचशेच्या आसपास. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस. अरबी समुद्रही या दिवसांत गप्प बसतोच असं नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ वादळ मुंबई-अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आलं होतं. अशा वादळांचं, कमी दाबाच्या पट्ट्यांचं बाष्प घाट ओलांडून आत येतं आणि ऐन थंडीत आभाळ भरून येतं. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस मराठवाड्यात असाच अवकाळी पाऊस झाला, ठिकठिकाणी गाराही पडल्या. तूर शेंगेत होती, कापूस बोंडात फुटला होता, आणि आखाड्यावर बांधलेली जनावरं भिजत उभी होती.

भिजणं किती वाईट, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि १ व २ डिसेंबरला पुणे आणि नगर जिल्ह्यांत पावसाची झड लागली. सोबत गार वारा. जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर या भागांत धनगरांचे कळप उघड्या रानात वाड्यात बसलेले होते. त्या पावसात मेंढ्या मेल्या, एका-एका कळपातल्या कितीतरी, सगळ्या मिळून शेकडो. आणि लक्षात घ्या, थर्मामीटरवर थंडी फार नव्हती. परभणीच्या जानेवारीपेक्षा तापमान बरंच वर होतं. परभणीच्या कोरड्या थंडीत मेंढी रात्रभर मजेत रवंथ करते. मेंढीच्या लोकरीला एक मेणासारखा थर असतो, त्यावरून थोडाफार पाऊस घरंगळून जातो. घोंगडीवरून पाणी लवकर आत शिरत नाही, त्यात लोकरीच्या दाट विणीचा आणि या मेणाचा मोठा वाटा. पण पाऊस थांबेचना, वारा थांबेचना, तेव्हा लोकर आतपर्यंत चिंब झाली आणि कोंडलेली हवा संपली. मला ती बातमी वाचून फार वाईट वाटलं होतं. नुसता एक ताडपत्रीचा आडोसा वेळेवर मिळाला असता, तर त्यातली कितीतरी वाचली असती.

शेळीकडे तर मेंढीसारखी मेणाची लोकरही नाही. म्हणून पहिला थेंब पडताच शेरडं चरणं टाकून झाडाकडे, भिंतीकडे धूम ठोकतात. लोक म्हणतात शेळी नाजूक. मी म्हणते शेळी शहाणी!

गाईचं गणित आणखी वेगळं आहे. आपल्या भागातली लालकंधारी घ्या, नांदेड जिल्ह्यातल्या कंधार गावाचं नाव मिरवणारी. तुकतुकीत, आखूड केस, गळ्याखाली लोंबणारी मोठी पोळी. हे शरीर मे महिन्यातली ४२-४३ अंशांची उष्णता बाहेर टाकायला बनलेलं आहे. तेच शरीर जानेवारीत सहा-सात अंशांत उभं असतं! कसं जमतं तिला? दिवस लहान व्हायला लागले की कातडीला ते डोळ्यांमार्फत कळतं आणि हळूहळू थोडे दाट केस येऊ लागतात. पण खरी गंमत पोटात आहे. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो. त्यात असंख्य सूक्ष्मजीव कडबा कुजवत, फोडत बसलेले असतात, आणि हे काम करताना उष्णता बाहेर पडते. चारा जितका चिवट आणि तंतूंचा, तितकं काम जास्त, तितकी ऊब जास्त. म्हणून थंडीत संध्याकाळी गव्हाणीत भरपूर कडबा हवा. ‘परभणी मोती’ ही आपल्याच विद्यापीठाची रब्बी ज्वारी. तिचं धान्य आपल्या ताटात येतं आणि कडबा रात्रभर गाईला आतून ऊब देतो.

म्हशीबद्दल मात्र आपण फसतो. उन्हाळ्यात ती डबक्यात डुंबते, म्हणून वाटतं हिला गारव्याचं काय! पण तिचे केस गाईच्या मानाने फारच विरळ असतात. हवा कोंडायला काही नाहीच. थंडीत घरात एकच झूल असेल, तर ती म्हशीला घाला. आणि झूल ओली झाली की लगेच काढा. ओलं पोतं पाठीवर असण्यापेक्षा उघडी कोरडी पाठ बरी.

गोठ्याचंही तसंच. थंडी आली की मोठी माणसं ताडपत्री, पोती लावून गोठा चहूबाजूंनी बंद करतात. मग पहाटे पत्र्याखाली उभे राहून वर बघा. पत्र्याला घाम आलेला असतो! जनावरांच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि थेंब थेंब त्यांच्याच पाठीवर टपकतं. शिवाय मूत्रातून अमोनिया निघतो, त्याने तुमच्या डोळ्यांत पाणी येतं आणि वासराची फुप्फुसं खराब होतात. म्हणून जनावराच्या उंचीपर्यंत वारा अडवा आणि वर, छताजवळ, हवेला वाट ठेवा. खाली पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट जाड अंथरा, ओलं झालं की काढून टाका, मधूनमधून चुना भुरभुरा. शेकोटी पेटवायची असेल तर कडब्याच्या गंजीपासून दूर, उघड्यावर, मोठ्या माणसांच्या देखत. बंद गोठ्यात धूर कोंडला तर तो जीव घेऊ शकतो.

पाण्याची एक गोष्ट स्वतः हात घालून बघा. सकाळी सहाला हौदात रात्रभर पडलेल्या पाण्यात बोट बुडवा, झिणझिण्या येतील. आणि त्याच वेळी विहिरीतून किंवा बोअरमधून ताजं उपसलेलं पाणी कोमट लागेल. जमिनीच्या खोल पोटातलं तापमान उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळजवळ सारखंच राहतं, म्हणून असं होतं. मग जनावरांना कोणतं पाजायचं, तुम्हीच ठरवा. गार पाणी असलं की ती कमी पितात आणि कमी प्यायली की चाराही कमी खातात.

आता घरातली मंडळी. मांजर. ती टीव्हीवर, भाकरीच्या चुलीजवळ, गरम पातेल्याशेजारी का बसते? तिचे पूर्वज वाळवंटातले. मांजराला अंगात जास्तीची ऊब तयार न करता आरामात राहायचं तर साधारण ३० अंशांच्या पुढची हवा लागते, ज्यात आपण पंखा लावतो. म्हणून रात्री नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या इंजिनात मांजरं शिरून बसतात. सकाळी बाबा जीप किंवा कार चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायचं काम तुम्ही घ्या. रोज.

कोंबडीच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा बरंच जास्त, ४१ अंशांच्या आसपास. ती पिसं फुलवून हवा कोंडते आणि चोच पिसांत खुपसते. शेपटीच्या बुडाशी तिला तेलाची एक ग्रंथी असते. चोचीने ते तेल ती पिसांना लावत बसते, त्यामुळे थोडं पाणी निसटतं. थंडीत अंडी कमी होतात ती मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे, कोंबडी रुसलेली नसते. पिंजऱ्यातल्या पोपटाची काळजी कशी घ्यायची हे मी सांगणार नाही, कारण आपल्या रानातला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याची जागा झाडाच्या ढोलीत.

कुत्र्यांतही फरक आहे. दाट केसांचा कुत्रा आणि आपल्या मराठवाड्यात पाळला जाणारा सडपातळ कारवान यांना एकच थंडी सारखी वाजत नाही. कारवानच्या अंगावर आखूड केस आणि चरबी अगदी थोडी. पळायला उत्तम, पावसात उभं राहायला वाईट. तो भिजून आला की जुन्या सुती कापडाने पोट, पाय आणि बोटांच्या बेचक्या आधी पुसा. पाठ सगळेच पुसतात, पोट विसरतात. मग गोणपाट दुमडून, जमिनीपासून थोडं उंच, फळीवर किंवा बाजेवर अंथरा. थंडगार फरशी खालून उष्णता ओढून घेते.

आणि सगळ्यांत जास्त जपायचं ते पिल्लांना. पावसाळ्यानंतर गल्लोगल्ली पिल्लं झालेली असतात, बरोबर? जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःचं अंग उबदार ठेवताच येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्यांना नीट कुडकुडताही येत नाही. कुडकुडणं म्हणजे स्नायू हलवून ऊब तयार करणं, ती युक्ती अजून शिकायची असते. म्हणून ती एकमेकांवर चढून गोळा करून झोपतात. असा एखादा गोळा पावसात सापडला तर लगेच उचलून घरी आणू नका. आधी लांबून बघा, आई अन्न शोधायला गेलेली असते, ती येते. तिच्या जवळच पोत्याचा आणि पत्र्याचा आडोसा करून द्या, आणि तोही मोठ्या माणसाला सोबत घेऊन, कारण पिल्लांची आई चावू शकते. चावलीच, किंवा नुसतं ओरखडलं तरी, ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची.

आई खरंच नसेल आणि पिल्लू गार पडलं असेल, तर सगळे धावत दूध आणतात. थांबा! गार पिल्लाचं आतडं जवळजवळ बंद पडलेलं असतं. तेव्हा पोटात गेलेलं दूध पचत नाही, उलट श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी कोरडं करा, कापडात गुंडाळून छातीशी धरा, हळूहळू ऊब येऊ द्या, आणि मगच डॉक्टरांना विचारून दूध.

वासराच्या बाबतीत मात्र दूध थांबवायचं नाही. गाय व्यायली की वासराला पुसून कोरडं करा आणि पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजा. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगांशी लढणारी प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याचा रस्ता साधारण एका दिवसात बंद होतो. आजोबा म्हणाले, “वार पडेपर्यंत चीक पाजू नये,” तर त्यांना प्रेमाने हे सांगा. जनावर आजारी वाटलं तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, पशुवैद्यकीय सेवेचा तो क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

एक भीती पावसापेक्षा मोठी आहे: वीज. मराठवाड्यात अवकाळी पावसात वीज पडून कितीतरी गुरं जातात. वीज थेट जनावराच्या डोक्यावरच पडते असं नाही. ती झाडावर पडते आणि मुळांपाशी जमिनीत पसरते. झाडाजवळ विजेचा दाब जास्त, लांब कमी. आपले दोन पाय जवळजवळ असतात, पण गाईचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दीड मीटर लांब. त्या दोन जागांच्या दाबात मोठा फरक, म्हणून वीज एका पायातून वर चढते, हृदयातून जाते आणि दुसऱ्या पायातून उतरते. नॉर्वेमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये एका वादळात ३२३ रेनडिअर अशीच एका ठिकाणी मेलेली सापडली, एकमेकांना चिकटून उभी असताना. म्हणून जनावर एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधायचं नाही. वीज दिसली आणि गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा तुम्ही घरातच राहायचं. दावं सोडायला रानात धावायचं नाही, कुणीही नाही. ते काम ढग दिसताच, आधी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते जवळच्या विजेचा इशारा देतं. घरच्या मोबाइलमध्ये ते आजच घ्यायला लावा.

कडकडाट झाला की कुत्रा पलंगाखाली शिरतो. शिरू द्या. ओढून काढू नका, रागवू नका. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत, मांजराला ६४ हजारांपर्यंत. शिवाय वारा बदलला, आभाळ काळवंडलं की पुढे काय होतं हे त्याने अनुभवाने शिकलेलं असतं, म्हणून तो आवाजाच्या आधीच घाबरतो. खिडकी लावा, रेडिओ लावा, जवळ बसा.

आता रविवारी एक प्रयोग करा. सारख्या तीन बाटल्या, आईला सांगून कढत पाणी सारखं भरा. एक उघडी ठेवा. दुसरीला कोरडा लोकरीचा मोजा घाला. तिसरीला तसाच मोजा, पण भिजवून पिळलेला. दर दहा मिनिटांनी थर्मामीटरने मोजा आणि वहीत तीन रकाने आखून लिहा. अर्ध्या तासाने तिन्ही बाटल्यांत पुन्हा तितकंच कढत पाणी भरा, पंखा लावा आणि परत मोजा. आधी अंदाज लिहून ठेवायचा बरं का: ओल्या मोज्यातली बाटली उघड्या बाटलीच्या आधी गार होईल की नंतर? आणि पंखा लावल्यावर दोघींमधलं अंतर वाढेल की कमी होईल?